टेंभली ते किंग्स्टन: डिजिटल खासगीपणासाठी देशोदेशींच्या लोकांसोबत काम कसं करायचं

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. आठ वर्षांनी, २६ सप्टेंबर २०१८ ला, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने आधार कायद्याचा बराचसा भाग चार विरुद्ध एक मतांनी वैध ठरवला. वेगळं मत दिलं ते न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी. इथे ते मत अल्पमतात गेलं. पण १२ एप्रिल २०१९ ला जमैकाच्या सर्वोच्च न्यायालयाने किंग्स्टनमध्ये त्यांच्याकडचा राष्ट्रीय ओळख कायदा रद्द केला, तेव्हा त्या निकालात चंद्रचूड यांच्या याच मताचा मोठा आधार घेतला गेला. ३० जानेवारी २०२० ला केनियाच्या उच्च न्यायालयाने ‘हुडुमा नंबा’ या ओळख योजनेसाठी नागरिकांचा डीएनए आणि जीपीएस स्थान गोळा करायला मनाई केली. त्या खटल्यात आधारच्या अनुभवाबद्दल भारतातल्या एका तज्ज्ञाची साक्ष झाली होती.

जमैकातल्या न्यायाधीशांनी टेंभली पाहिलेली नाही. त्यांच्यापर्यंत पोचला तो कागद. इथल्या लोकांनी अडचणी नोंदवल्या, वकिलांनी त्या याचिकांमध्ये मांडल्या, एका न्यायमूर्तींनी त्यावर सविस्तर लिहिलं. म्हणूनच हजारो मैलांवरच्या वकिलाला ते उचलून आपल्या न्यायालयात मांडता आलं.

या कामात नव्याने येणारी मुलं-मुली बहुतेक वेळा पहिल्यांदा विचारतात की जिनिव्हाला, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेकडे, जायला मिळेल का, परिषदेची फेलोशिप कशी मिळते. त्याबद्दलही पुढे लिहिलं आहे. पण सुरुवात जिनिव्हापासून केली तर हाती काही लागत नाही, हे मी अनेकदा पाहिलं आहे. सुरुवात आपल्या गावातल्या कागदापासून करा.

कागद तयार करणं

समजा, तुमच्या तालुक्यात रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनवर म्हाताऱ्या माणसांचा अंगठा जुळत नाही आणि त्यांना धान्याशिवाय परतावं लागतं. हा बायोमेट्रिक ओळखीचा प्रश्न आहे, आणि तो केनिया-जमैकातल्या लोकांनाही पडला आहे. तुमची नोंद त्यांच्या उपयोगी पडावी असं वाटत असेल तर तीत एवढं हवं: तारीख, ठिकाण, मशीनवर नेमका काय संदेश आला, माणसाला किती हेलपाटे घालावे लागले, दुकानदार काय म्हणाला, आणि लेखी नियम काय सांगतो. ‘गरिबांचे हाल होत आहेत’ हे वाक्य कितीही खरं असलं तरी परक्या देशातल्या वकिलाला त्याचा काही उपयोग नाही. ‘एकाच महिन्यात चार फेऱ्या, चारही वेळा बोटांचे ठसे जुळले नाहीत’ याचा उपयोग आहे.

एक गोष्ट फार काळजीने सांगतो. पुरावा म्हणून लोकांच्या आधारच्या झेरॉक्स गोळा करू नका. खासगीपणासाठी काम करणाऱ्यांच्याच लॅपटॉपमध्ये शंभर लोकांचे आधार क्रमांक उघडे पडून असणं ही गंभीर चूक आहे, आणि ती सर्रास होते. प्रत्येक जबानीला एक क्रमांक द्या. नावांची यादी वेगळी, कुलूपबंद ठेवा. फोटोत चेहरा येऊ देऊ नका. आणि माणसाला त्याच्या भाषेत विचारा: ही गोष्ट परदेशातल्या लोकांना पाठवू का? नाव घालू का? उद्या तुम्हाला नको वाटलं तर काढून टाकायला कुणाला सांगाल? तिसरा प्रश्न विचारला की लोक तुमच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतात. त्यांना तो आजवर कुणी विचारलेला नसतो.

दुसरा मार्ग माहिती अधिकाराचा. शहरात चेहरा ओळखणारे कॅमेरे बसत असतील तर निविदेची प्रत मागा, पुरवठादाराशी झालेला करार मागा, चित्रण किती दिवस साठवतात आणि ते कोण पाहू शकतं हे विचारा. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि उत्तराची मुदत ३० दिवस आहे.

इथे थोडं थांबावंसं वाटतं. माहिती अधिकाराचा राज्य कायदा महाराष्ट्राने २००२ मध्येच केला, देशाच्या कायद्याच्या तीन वर्षं आधी. आता २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ४४(३) ने माहिती अधिकारातली वैयक्तिक माहिती न देण्याची सवलत सरसकट करून टाकली आहे. व्यापक जनहित असेल तर अशी माहितीही द्यावी, हे त्या तरतुदीतच लिहिलेलं होतं. ते तिथून गेलं. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(२) मधलं जनहिताचं दार शिल्लक आहे, पण अर्जदाराचं काम अवघड झालं आहे. खासगीपणाच्या नावाने पारदर्शकता कापली जाते तेव्हा माहिती अधिकारातले कार्यकर्ते आपल्याकडे संशयाने बघू लागतात, आणि त्यांचं चुकत नाही. म्हणून मोहीम सुरू करण्याआधी तुमच्या जिल्ह्यातल्या माहिती अधिकार कार्यकर्त्यांकडे जाऊन बसा. सामान्य माणसाचा खासगीपणा आणि सरकारी कारभाराचं उघडेपण या दोन्ही मागण्या एकाच कागदावर कशा येतील हे त्यांच्याशी बोलून ठरवा. नाही तर तुमचा मुद्दा तुमच्याच लोकांविरुद्ध वापरला जाईल.

मागणी एका वाक्यात

‘आमचा खासगीपणा जपा’ ही मागणी नाही, भावना आहे. मागणीच्या वाक्यात तीन गोष्टी लागतात: कुणी, काय, कधीपर्यंत. ‘अमुक मंत्रालयाने अमुक नियमातून डेटा साठवण्याची दोन वर्षांची अट अंतिम मसुद्याआधी काढावी.’ असं वाक्य तयार होत नसेल तर अजून अभ्यास करायचा आहे, एवढाच त्याचा अर्थ.

नेमकेपणाने काय साधतं हे २०१५-१६ मध्ये आपण भारतात पाहिलं. मार्च २०१५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, इंटरनेटवरच्या ॲप आणि सेवांचं नियमन कसं करावं याबद्दल ११८ पानांचा एक दस्तऐवज काढला आणि २० प्रश्नांवर हरकती-सूचना मागवल्या. सामान्य माणूस एवढी पानं वाचणार कधी? स्वयंसेवकांच्या एका गटाने तो दस्तऐवज वाचून सोपा केला, प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार केलं आणि लोकांना ते आपल्या शब्दांत बदलून पाठवायला सांगितलं. दहा लाखांहून जास्त ईमेल गेले. त्याच वर्षी मे महिन्यात जगभरातल्या साठहून अधिक संघटनांनी फेसबुकच्या प्रमुखांना त्यांच्या मोफत पण मोजक्याच संकेतस्थळांच्या योजनेविरुद्ध उघडं पत्र लिहिलं. म्हणजे इथला गट लढत होता आणि बाहेरचे त्याला टेकू देत होते.

मग डिसेंबर २०१५ मध्ये ट्रायने वेगवेगळ्या संकेतस्थळांसाठी डेटाचे वेगवेगळे दर लावण्याबद्दल चार प्रश्न विचारले. फेसबुकने आपल्या वापरकर्त्यांकरवी ‘फ्री बेसिक्स’च्या, म्हणजे त्याच मोफत योजनेच्या, बाजूने एकाच साच्यातले लाखो संदेश पाठवले. ट्रायने जाहीर सांगितलं की या संदेशांमध्ये विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंच नाहीत. ८ फेब्रुवारी २०१६ ला भेदभावाच्या दरांवर बंदी घालणारं विनियमन आलं.

या प्रकरणातली एक आठवण मात्र टोचते. एप्रिल २०१५ मध्ये ट्रायने आलेले सगळे प्रतिसाद पाठवणाऱ्यांच्या नावांसह आणि ईमेल पत्त्यांसह संकेतस्थळावर टाकले. लाखो पत्ते एका फटक्यात उघडे झाले. तेव्हा लोकांना सूचना पाठवायला सांगताना आधी शोधा की प्रतिसाद प्रसिद्ध होणार आहेत का, आणि झाले तर कोणत्या रूपात. ते आवाहनाच्या पहिल्याच ओळीत लिहा. मोहिमेसाठी वेगळा ईमेल पत्ता वापरायला सांगणं उत्तम.

दार कोणतं आणि ते कधी उघडं असतं

मागणी ठरली की ती ऐकायचा अधिकार कुणाला आहे ते पाहायचं. नवखे लोक इथे खूप शक्ती वाया घालवतात. संयुक्त राष्ट्रांना लिहिलेलं सुंदर पत्र, आणि निर्णय असतो दिल्लीतल्या एका सहसचिवांच्या टेबलावर.

आपल्या केंद्र सरकारचं २०१४ चं पूर्व-विधिमंडळ सल्लामसलत धोरण सांगतं की कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर असावा. ते नेहमी पाळलं जातं असं नाही. म्हणून पाळलं गेलं नाही तर त्या धोरणाचा हवाला देऊन मुदतवाढ मागणं हेच तुमचं पहिलं पत्र असू शकतं.

युरोपीय आयोगाचं हरकती-सूचनांचं पोर्टल परदेशी नागरिक आणि संस्थांनाही खुलं आहे. आयोगाने कायद्याचा प्रस्ताव मांडल्यावर साधारण आठ आठवडे मिळतात. तुम्ही पुण्यात बसून युरोपीय कायद्यावर का बोलायचं? कारण तिथला नियम पुढे इथे येतो. २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या जीडीपीआर या युरोपच्या डेटा संरक्षण कायद्यानंतर जगभरच्या कायद्यांची भाषा बदलली. ११ मे २०२२ ला आयोगाने बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्ध जो प्रस्ताव मांडला, त्यातून खासगी संदेश तपासण्याची सक्ती येईल म्हणून तिथल्या संघटना लढत आल्या आहेत. इथेही २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी संदेशाचा मूळ पाठवणारा शोधून देण्याची अट घातली, आणि त्यावर व्हॉट्सॲप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. एन्क्रिप्शन, म्हणजे संदेशाला लावलेलं सांकेतिक कुलूप, एका देशासाठी मोडलं की ते सगळ्यांसाठीच मोडतं, त्यामुळे या लढाया वेगळ्या ठेवता येत नाहीत.

युरोपात राहणाऱ्या मराठी माणसांच्या हातात एक मोठं साधन आहे. जीडीपीआर नागरिकत्व विचारत नाही. बर्लिन किंवा डब्लिनमध्ये नोकरीला असलेली तुमची मावसबहीण कुठल्याही कंपनीकडे आपली सगळी माहिती मागू शकते, आणि कंपनीला साधारणपणे एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं. ऑस्ट्रियातल्या माक्स श्रेम्स या कायद्याच्या विद्यार्थ्याने २०११ मध्ये फेसबुककडे अशीच माहिती मागितली. बाराशेहून जास्त पानं आली. त्याच्या तक्रारींतून उभ्या राहिलेल्या खटल्यांत युरोपीय संघाच्या न्यायालयाने ६ ऑक्टोबर २०१५ ला ‘सेफ हार्बर’ आणि १६ जुलै २०२० ला ‘प्रायव्हसी शील्ड’ हे युरोप-अमेरिका डेटा करार रद्द केले.

संयुक्त राष्ट्रांमध्ये नवख्यांसाठी सगळ्यात चांगलं दार म्हणजे मानवी हक्क परिषदेचा सार्वत्रिक नियतकालिक आढावा. त्यात इतर देश एका देशातली मानवी हक्कांची स्थिती तपासतात. काही वर्षांनी प्रत्येक देशाची पाळी येते. भारताची २००८, २०१२, २०१७ आणि २०२२ मध्ये आली. इतर अनेक ठिकाणी आर्थिक व सामाजिक परिषदेचा सल्लागार दर्जा लागतो, आणि तो मागायलाही संस्था किमान दोन वर्षं जुनी हवी. या आढाव्यासाठी लेखी निवेदन द्यायला तो दर्जा लागत नाही. एका संस्थेच्या निवेदनाला २,८१५ शब्दांची मर्यादा, संयुक्त निवेदनाला ५,६३०. त्याहून मोठं असेल तर विचारात घेत नाहीत, म्हणून शब्द मोजा. टेंभलीसारख्या गावातली जबानी त्यात एका परिच्छेदात बसते, आणि बसवायलाच हवी.

निवेदन पाठवून काम संपत नाही. आढाव्यात प्रश्न विचारतात आणि शिफारशी करतात ती राष्ट्रं. त्यामुळे दिल्लीतल्या दूतावासांत जाऊन मानवी हक्कांचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना भेटायचं. प्रत्येकाला एकच पान द्यायचं, आणि त्यावर त्यांनी जशीच्या तशी वाचून दाखवावी अशी एक शिफारस. कोणाला भेटायचं हे इतिहास पाहून ठरवा. अमेरिकेच्या पाळतीबद्दल एडवर्ड स्नोडेनने केलेल्या गौप्यस्फोटानंतर १८ डिसेंबर २०१३ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ‘डिजिटल युगातील खासगीपणाचा हक्क’ हा ठराव मतदानाशिवाय मंजूर केला. तो मांडला होता ब्राझील आणि जर्मनीने. असे देश या विषयावर ऐकून घेतात.

त्या ठरावामागची एक गोष्ट मला नेहमी धीर देते. पाळतीला मानवी हक्कांच्या चौकटीत बसवणारी १३ तत्त्वं नागरी संघटनांनी जुलै २०१३ मध्ये पूर्ण केली, पण त्यांचं काम २०१२ पासूनच चालू होतं. स्नोडेनचं नाव जगाला कळलं जून २०१३ मध्ये. संधी आली तेव्हा मजकूर तयार होता.

तांत्रिक मानकांचं दार बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्या आयईटीएफ या मंडळाला सदस्यत्व लागत नाही, कुणीही चर्चेत उतरू शकतो. मे २०१४ मध्ये त्यांनी व्यापक पाळत हा इंटरनेटवरचा हल्ला आहे असं लिहून ठेवलं, आणि पुढची अनेक मानकं त्यावर उभी राहिली. तुमच्यात प्रोग्रॅमर असतील तर त्यांना इकडे पाठवा.

माणसं आणि घड्याळ

ज्या देशाचा प्रश्न, त्या देशातले लोक पुढे. यावर तडजोड नको. नैरोबीचं पत्र नैरोबीतल्या संघटनेने लिहावं, आपण सही करावी, विचारलं तर मदत करावी. बाहेरून कुणीतरी परस्पर पत्रक काढतो, आणि स्थानिक कार्यकर्त्यावर ‘परकीयांचा हस्तक’ असा शिक्का बसतो. पत्रक काढणारा निघून जातो, कार्यकर्ता मात्र तो शिक्का घेऊन तिथेच राहतो.

चार कामं माणसांच्या नावावर टाका: समन्वय, मजकूर, स्थानिक संपर्क, भाषांतर. भाषांतर शेवटच्या रात्रीचं काम समजू नका. २०२३ च्या कायद्यानुसार डेटा घेण्याची सूचना आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत पाहण्याचा पर्याय लोकांना द्यावा लागतो, म्हणजे मराठीतही. मग आपली पत्रकं मराठीत नसतील तर आपण कोणत्या तोंडाने बोलणार?

ऑनलाइन बैठकीसाठी भारतीय वेळ संध्याकाळी साडेसहा ही बरी. तेव्हा ब्रसेल्समध्ये दुपार, नैरोबीत चार, न्यूयॉर्कमध्ये सकाळ आणि मनिलात रात्रीचे नऊ. वेळ नेहमी यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लिहा, कारण युरोप आणि अमेरिका आपली घड्याळं वेगवेगळ्या रविवारी पुढेमागे करतात. मुदतीचंही तसंच. पूर्वेकडच्या एका देशातल्या सूचनांची मुदत संध्याकाळी पाचची होती. आम्ही भारतीय वेळेनुसार साडेतीनला निवेदन चढवायला गेलो तर दार बंद. तिथे तेव्हा सहा वाजले होते. तीन आठवड्यांचं काम होतं ते, आणि ज्यांच्या जबान्या त्यात होत्या त्यांना ही गोष्ट सांगणं फार जड गेलं. तेव्हापासून मुदतीच्या आदल्या दिवशी पाठवायचं, असा नियम मी स्वतःला घातला आहे.

संयुक्त पत्र

दोन पानं पुरेत. पहिल्या परिच्छेदात मागणी, मग पुरावा, मग कायदा. भारतातला विषय असेल तर २४ ऑगस्ट २०१७ चा नऊ न्यायाधीशांचा पुट्टास्वामी निकाल, ज्याने खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं. शेवटी संपर्क. मसुद्यावर सूचना घ्यायला पाच दिवस द्या, मग मजकूर गोठवा. गोठवल्यावर एकही शब्द बदलायचा नाही, कारण सही करणाऱ्या संस्थेने तो आपल्या विश्वस्तांना दाखवलेला असतो. सह्यांसाठी आणखी आठवडा.

काही संस्थांना सही करणं धोक्याचं असतं. त्यांना कारण विचारू नका. त्यांचा अभ्यास वापरायचा असेल तर तो नावाविना वापरू का, एवढं विचारा.

एकत्र लिहायला क्रिप्टपॅड आणि बोलायला सिग्नल वापरा, संदेश आपोआप पुसले जातील अशी मुदत लावा, आणि कोण कुठल्या गटात आहे ते महिन्यातून एकदा तपासा. संस्था सोडून गेलेली माणसं गटात तशीच राहिलेली असतात.

पैसा आणि प्रवास

भारतातल्या संस्थेने परदेशी पैसा घ्यायचा तर २०१० चा परकीय योगदान नियमन कायदा लागू होतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, आणि तो आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो. म्हणून ‘आमच्याकडून थोडे पैसे तुमच्या आघाडीला’ असं परदेशी मित्र सहज म्हणाले तरी आधी सनदी लेखापालांना विचारा. सरकारी नोकर, न्यायाधीश, लोकप्रतिनिधी, पक्षांचे पदाधिकारी आणि सरकारी महामंडळांचे कर्मचारी यांना परदेशी संस्थेचा पाहुणचार घेण्याआधी परवानगी लागते. ही मंडळी तुमच्या गटात असतील तर तिकीट काढण्याआधी हे पाहा.

परिषदांमध्ये इंटरनेट गव्हर्नन्स फोरम २००६ पासून भरतो, २००८ चा हैदराबादला झाला होता. डिजिटल हक्कांवरची राइट्सकॉन २०११ मध्ये सुरू झाली. दोन्हींत ऑनलाइन भाग घेता येतो. पहिलं वर्ष तसंच घ्या. जायला मिळालंच तर भाषणांपेक्षा बाहेरच्या गप्पांना वेळ द्या. ज्या तीन माणसांशी पुढे काम करायचं त्यांची नावं घरून ठरवून जा. व्हिसासाठी तीन महिने आधी लागा, जिनिव्हाची शेंगेन अपॉइंटमेंट ऐनवेळी मिळत नाही.

परत गावात

निवेदन गेलं, शिफारस झाली, देशाने ती ‘स्वीकारली’ किंवा नुसती ‘नोंद घेतली’. या दोन शब्दांत फरक आहे, आणि तुमच्या पुढच्या माहिती अधिकार अर्जाचा विषय तिथेच मिळतो: स्वीकारलेल्या शिफारशीवर अमुक विभागाने आजवर काय केलं?

ज्यांच्या जबान्या घेतल्या त्यांच्यासाठी मराठीत एक पान लिहा. मोठ्या अक्षरात. तुमचं म्हणणं कुठे गेलं, कोणत्या परिच्छेदात आलं, त्यावर काय उत्तर मिळालं, काय मिळालं नाही. ते पोस्टाने पाठवू नका, घेऊन जा. वाचता येत नसेल त्यांना वाचून दाखवा. माझ्या पहिल्या खेपेला एका आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग या महिन्याचं धान्य?” दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्यासोबत तहसील कार्यालयातल्या पुरवठा शाखेत गेलो.